मुक्या राखणदाराची जन्मकथा

प्राग शहर पाहायला गेलेल्यांना एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, सम्राट दुसरा रुडॉल्फ प्रागच्या गडावर राहत असताना, खाली ज्यूंच्या वस्तीत राब्बी लेव नावाचे प्रकांड पंडित होते. ज्यूंवर भलते आळ घेतले जात होते, वस्ती कधी पेटेल याचा नेम नव्हता. तेव्हा राब्बी आपला जावई आणि एक शिष्य यांना बरोबर घेऊन रात्री व्हल्टावा नदीच्या काठी गेले. तिथल्या चिखलातून त्यांनी माणसाची आकृती घडवली, तिच्याभोवती फेरे घातले, मंत्राक्षरं उच्चारली आणि मातीच्या अंगात धुगधुगी आली. त्याचं नाव योसेफ. त्याला ऐकू येई, सांगितलेलं कळे, अंगात बळ तर अचाट. बोलता मात्र येत नसे. दहा वर्षं त्यानं वस्ती राखली. संकट टळल्यावर राब्बींनी त्याला सिनेगॉगच्या माळ्यावर नेऊन पुन्हा मातीला मिळवलं आणि वर जायला सगळ्यांना बंदी केली.

हा गोलेम. ज्यू लोककथेतला सर्वांत प्रसिद्ध कृत्रिम माणूस.

ते सिनेगॉग आजही उभं आहे. 1270 च्या सुमारास बांधलेलं, 'जुनं-नवं' या नावानं ओळखलं जाणारं हे प्रार्थनास्थळ युरोपातल्या सर्वांत जुन्या, अजून वापरात असलेल्या सिनेगॉगांपैकी एक. त्याच्या मागच्या भिंतीवर लोखंडी कड्या ठोकून माळ्याच्या छोट्या दारापर्यंत चढायची सोय केलेली आहे. पर्यटक त्या कड्यांचे फोटो काढतात. एगॉन एर्विन किश हा प्रागचा नामांकित बातमीदार विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत त्या माळ्यावर चढून आला आणि त्यानं त्यावर लिहिलंही. गोलेम काही त्याला सापडला नाही.

राब्बी लेव मात्र पूर्णपणे खरे. यहूदा लेव बेन बेझालेल हे त्यांचं नाव. ज्यू जगात 'महारल' म्हणून ते ओळखले जातात. 1609 साली ते वारले. प्रागच्या जुन्या ज्यू दफनभूमीत त्यांची कबर आहे आणि लोक आजही तिच्यावर चिठ्ठ्या आणि खडे ठेवतात. त्यांचे ग्रंथ आजही अभ्यासले जातात. लहान मुलांच्या डोक्यावर वेळेआधीच तालमूदचा, म्हणजे ज्यू धर्मचर्चेच्या महाग्रंथाचा, कीस काढण्याचं ओझं टाकू नये, आधी बायबल, मग मिश्ना हा धर्मनियमांचा संग्रह, मग तालमूद अशी पायरीपायरीनं शिकवण व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. फेब्रुवारी 1592 मध्ये सम्राट रुडॉल्फनं त्यांना भेटीला बोलावलं, याची नोंद त्यांच्याच काळातला इतिहासकार डेव्हिड गान्झ यानं करून ठेवली आहे. गान्झ चौकस माणूस होता, खगोलशास्त्राचाही अभ्यासक होता. त्याच्या लेखनात गोलेमचा एक शब्दही नाही. खुद्द राब्बींच्या ग्रंथांतही असा माणूस घडवल्याची गोष्ट नाही. राब्बी लेव आणि गोलेम ही जोडी छापील पानावर दिसते ती 1830 च्या दशकात, म्हणजे राब्बींना जाऊन सव्वादोनशे वर्षं झाल्यावर. आणि वस्तीचं रक्षण करणारा योसेफ तर त्याहून पुष्कळ अलीकडचा आहे.

गोलेम मात्र जुना. राखणदाराचं काम त्याच्याकडे फार उशिरा आलं, एवढंच. त्याआधी शतकानुशतकं तो निराळ्याच कारणांसाठी घडवला जात होता.

'गोलेम' हा शब्द हिब्रू बायबलमध्ये एकदाच येतो, 139 व्या स्तोत्रात. अजून आकार न आलेला देह, असा तिथे त्याचा अर्थ. पुढे तालमूदच्या पंडितांनी आदमच्या पहिल्या दिवसाचे तास मोजले. पहिल्या तासात माती गोळा झाली, दुसऱ्या तासात तिचा गोलेम झाला, तिसऱ्यात अवयव फुटले, चौथ्यात प्राण आला. या हिशेबानं पहिला माणूसही तासभर गोलेमच होता.

त्याच तालमूदच्या सान्हेद्रिन या प्रकरणग्रंथात दोन-चार ओळींची एक हकीकत आहे. चौथ्या शतकात बॅबिलोनियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, रावा नावाचे पंडित होऊन गेले. त्यांनी एक माणूस निर्माण केला आणि त्याला राब्बी झेरांकडे पाठवलं. राब्बी झेरा त्याच्याशी बोलू लागले. उत्तर आलं नाही. पुन्हा बोलले, तरी नाही. तेव्हा त्यांनी ओळखलं की हा आपल्या सोबत्यांच्या विद्येतून निपजलेला आहे, आणि त्याला आपल्या मातीत परत जायला सांगितलं. हकीकत संपली. रावांनी हे कसं केलं, कशासाठी केलं, तो दिसायला कसा होता, काहीच सांगितलेलं नाही. त्याच्यापुढची हकीकत तर आणखी विलक्षण आहे. राव हनिना आणि राव ओशाया हे दोघे दर शुक्रवारी बसून सृष्टिनिर्मितीच्या शास्त्राचा अभ्यास करत, त्यातून एक वासरू निर्माण करत आणि शब्बाथच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या, जेवणात ते खात.

या हकीकतींमध्ये भीती कुठेच नाही. वासरू घडवून जेवणं हे पंडितांच्या रोजच्या व्यवहारातलंच काहीतरी असावं, अशा सुरात सगळं येतं. रावांच्या माणसाला बोलता येत नाही, एवढीच एक उणीव. पुढच्या कित्येक शतकांत गोलेमच्या अंगावर कितीतरी गोष्टी चढल्या, पण ही उणीव जवळजवळ प्रत्येक कथाकारानं जपली.

मराठी वाचकाला ज्यू म्हटलं की कोकणातले बेने इस्रायल आठवतात. गोलेमची कथा वाढली ती त्यांच्यापासून फार दूर, ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यापासून पोलंडपर्यंत पसरलेल्या आश्केनाझी ज्यूंमध्ये. ऱ्हाईनकाठच्या वर्म्स, माइंझ, श्पायर या गावांमधल्या ज्यू वस्त्यांवर 1096 मध्ये पहिल्या धर्मयुद्धाला निघालेल्या टोळ्यांनी हल्ले केले होते, वर्म्स आणि माइंझच्या वस्त्या तर कापून काढल्या होत्या. त्यातून सावरलेल्या पिढ्यांमध्ये अत्यंत कडक, अंतर्मुख असा एक साधकांचा पंथ उभा राहिला. वर्म्सचे एलअझार हे त्यातलं मोठं नाव. 1196 मध्ये घरात शिरलेल्या हल्लेखोरांनी त्यांची पत्नी दोल्चा आणि दोन मुली यांना ठार मारलं. पत्नी घर कसं चालवायची, ग्रंथांची पानं कशी शिवायची, मुली प्रार्थना कशा म्हणायच्या, हे सांगणारं विलापकाव्य त्यांनी लिहिलं आहे. मध्ययुगीन स्त्रीच्या रोजच्या जगण्याचं इतकं जवळून केलेलं वर्णन दुर्मीळच. गोलेम घडवण्याची सविस्तर लेखी कृती ज्यांच्याकडून आपल्याला मिळते ते हेच एलअझार.

कृतीचा आधार 'सेफर येत्सिरा' हा छोटासा, अतिशय गूढ ग्रंथ. ईश्वरानं विश्व दहा मूलसंख्या आणि हिब्रूची बावीस अक्षरं यांतून घडवलं, असं तो सांगतो. बावीस अक्षरांच्या दोन-दोनच्या जोड्या लावल्या की 231 होतात. या जोड्यांना त्या ग्रंथात दारं म्हटलं आहे. आता कृती. डोंगरावरची, कधीही कुणी न खणलेली माती घ्यायची. ती वाहत्या, जिवंत पाण्यात मळायची. आकृती करायची आणि मग एकेका अवयवावर त्या त्या अवयवाचं अक्षर, ईश्वराच्या नावातल्या अक्षरांशी आणि स्वरांशी जुळवत, ठरल्या क्रमानं म्हणायचं. क्रम चुकता कामा नये. हे पाठांतर कित्येक तास चालणारं आहे.

चूक झाली तर काय होतं, त्याचीही कथा त्याच परंपरेत आहे. एका गुरूचे शिष्य हा विधी करताना चुकून उलट्या दिशेनं फेरे घालू लागले आणि बेंबीपर्यंत जमिनीत रुतले. ओरडू लागले. गुरूंनी त्यांचा आवाज ऐकला आणि सांगितलं: तीच अक्षरं म्हणत आता सुलट चाला. तसं केल्यावर ते सुटले. सुलट फेऱ्यांनी माती माणूस होते, उलट फेऱ्यांनी माणूस मातीत जातो, असं यामागचं गणित.

अशा घडवलेल्या माणसाकडून कुणी पाणी भरून घेत नव्हतं, पहारा करवून घेत नव्हतं. बहुतेक मध्ययुगीन लेखनात तो घडतो आणि लगेच मोडला जातो. गेर्शोम शोलेम या विसाव्या शतकातल्या ज्यू गूढविद्येच्या थोर अभ्यासकाच्या मते हा साधनेचा एक विधी होता: साधक निर्मितीच्या अनुभवापर्यंत पोचला, याची खूण म्हणजे गोलेम. मोशे इडेल या त्यांच्यानंतरच्या अभ्यासकानं 1990 मध्ये गोलेमवर अख्खा ग्रंथ लिहून या मताला अनेक ठिकाणी आव्हान दिलं. वाद तज्ज्ञांचा आहे. पण मध्ययुगीन गोलेम हा नोकर नव्हता, यावर दोघांचं फारसं दुमत नाही.

तेराव्या शतकातली एक कथा तर या सगळ्या परंपरेचा गाभा म्हणावी अशी आहे. संदेष्टा यिर्मया आणि प्राचीन ज्ञानी बेन सिरा या दोघांनी तीन वर्षं 'सेफर येत्सिरा'चा अभ्यास केला आणि माणूस निर्माण केला. त्याच्या कपाळावर अक्षरं उमटली होती: परमेश्वर देव सत्य आहे. पण त्या नव्या माणसाच्या हातात सुरी होती. त्यानं त्या सुरीनं 'एमेत' म्हणजे सत्य या शब्दातलं पहिलं अक्षर आलेफ खरवडून काढलं. उरलं 'मेत', म्हणजे मृत. कपाळावरचं वाक्य झालं: देव मेला आहे. यिर्मयानं शोकानं आपली वस्त्रं फाडली आणि विचारलं, हे तू काय केलंस? तेव्हा हा गोलेम बोलतो. असा बोलणारा गोलेम विरळाच. तो एका वास्तुविशारदाची गोष्ट सांगतो. त्यानं सुंदर घरं, गावं बांधली, त्याच्या तोडीचं कुणी नव्हतं. दोघांनी त्याची मनधरणी करून विद्या शिकून घेतली आणि त्याच्याच पेठेत कमी दरात काम घेऊ लागले. लोक मूळ कारागिराला सोडून त्यांच्याकडे जाऊ लागले. देवाचं तसंच होईल, गोलेम म्हणतो. तुम्ही माणूस घडवू लागलात, आता लोक म्हणतील की या दोघांवाचून जगात देव नाही. मग आपल्याला मोडायचं कसं, तेही तोच सांगतो: अक्षरं उलट्या क्रमानं म्हणा. ते दोघे म्हणतात, आणि त्यांच्यासमोर तो मातीचा ढीग होतो.

निर्मात्याला निर्मितीनं सावध करणं, तेही आपला जीव देऊन, हे तेराव्या शतकातल्या माणसाला सुचलं होतं. पुढे गोलेमच्या नावावर जितक्या भीतिकथा रचल्या गेल्या, त्यांच्यात या तोडीची एकही नाही.

स्पेनमध्येही अशी एक आख्यायिका आहे. अकराव्या शतकातले मोठे कवी-तत्त्वज्ञ श्लोमो इब्न गबिरोल यांनी लाकडाची स्त्री घडवली होती, ती त्यांच्या घरी काम करी. सरकारदरबारी तक्रार गेली तेव्हा त्यांनी तिचे तुकडे सुटे करून दाखवले. ही हकीकत लिहून ठेवलेली सापडते ती सतराव्या शतकात, कवीच्या मृत्यूनंतर जवळजवळ सहाशे वर्षांनी.

याच सतराव्या शतकात पोलंडमध्ये गोलेम नोकर झाला. 1674 साली क्रिस्टॉफ आर्नोल्ड या जर्मन ख्रिस्ती पंडितानं एका पत्रात पोलिश ज्यूंबद्दल ऐकलेली गोष्ट लिहिली. ते उपवास आणि प्रार्थना करून मातीचा माणूस घडवतात, त्याच्याकडून घरकाम करून घेतात. तो बोलत नाही. पण रोज वाढतो. ताडमाड होऊ लागला की त्याच्या कपाळावरचं आलेफ पुसायचं. एका माणसाचा गोलेम इतका वाढला की कपाळापर्यंत हातच पोचेना. मग त्यानं नोकराला आपले बूट काढायला सांगितलं. तो वाकला, धन्यानं अक्षर पुसलं, आणि मातीचा तो डोंगर धन्याच्याच अंगावर कोसळला. ही गोष्ट खेल्म गावच्या राब्बी एलियाहू यांच्या नावावर सांगितली जाते. ते 1583 साली वारले. 1808 मध्ये याकोब ग्रिम, परीकथावाल्या ग्रिम बंधूंपैकी थोरले, यांनी ती अगदी थोडक्यात जर्मन नियतकालिकात छापली आणि तिथून जर्मन लेखकांची पिढी गोलेमच्या नादी लागली.

खेल्मच्या राब्बींच्या वंशजांना आपल्या पूर्वजाची गोष्ट खरी वाटत होती. त्यांच्यापैकी एक, त्स्वी आश्केनाझी, ज्यांना आदरानं हाखाम त्स्वी म्हणत, आम्स्टरडॅमच्या आश्केनाझी समाजाचे राब्बी होते. त्यांची धर्मशास्त्रीय प्रश्नोत्तरं 1712 मध्ये छापली गेली. त्यातला 93 वा प्रश्न असा: सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात, नऊ माणसं आणि एक गोलेम असेल तर मिन्यान पुरं होतं का?

प्रश्न गमतीचा वाटेल, पण त्स्वींनी तो पूर्ण गांभीर्यानं सोडवला आहे. आधी ते गोलेमच्या बाजूनं विचार करतात. अनाथ मूल आपल्या घरी वाढवणाऱ्याला ते पोटच्यासारखंच, असं तालमूद म्हणतं. मग सज्जनांच्या हातून घडलेला हा माणूसही त्यांचा वंशज का धरू नये? मग ते राब्बी झेरांकडे वळतात. झेरांनी रावांच्या माणसाला माती होऊन जायला सांगितलं. तो माणूस असता तर तो खून ठरला असता, आणि झेरांच्या हातून खून होणं शक्य नाही. मनुष्यहत्येचा निषेध आहे तो मातेच्या उदरात घडलेल्या माणसाबद्दल. शिवाय त्या मातीच्या माणसाचा दहावा म्हणून जरी उपयोग असता, तरी झेरांनी त्याला जगातून घालवलं नसतं. म्हणून गोलेम मिन्यानमध्ये धरता येत नाही. त्स्वींचे चिरंजीव याकोब एम्डेन यांनी नंतर आणखी कठोर निर्णय दिला: तो माणसाच्या आकाराचा पशू आहे. पण घराण्यातली कथा सांगताना मात्र त्यांनीच लिहून ठेवलं आहे की गोलेमच्या कपाळावरचं नाव काढताना त्यानं त्या पूर्वजाच्या चेहऱ्यावर ओरखडा काढला.

ज्याला वाचा नाही त्याचं माणूसपण ठरवायचं कशावरून, हे चौथ्या शतकातल्या चार ओळी अठराव्या शतकात नव्यानं विचारायला लावतात. दैत्य, मोडतोड, पळापळ यांच्या गोष्टी लोकप्रिय खऱ्या. पण या परंपरेतलं अस्सल धन अशा शांत वादांत आहे.

विल्नाच्या गाओनची, म्हणजे राब्बी एलियाहू यांची (खेल्मचे एलियाहू वेगळे), अशीच एक आठवण त्यांचे शिष्य वोलोझिनचे हायिम यांनी नोंदवली आहे. अठराव्या शतकातले ज्यू जगातले सर्वांत अधिकारी पंडित म्हणून गाओनची ख्याती. तेरा वर्षांचे होण्याआधी त्यांनी गोलेम घडवायला घेतला होता. मध्येच एक आकृती डोक्यावरून सरकून गेली. आपलं वय लहान म्हणून वरून मनाई आली, असं समजून त्यांनी हात आवरला.

इतक्या प्रवासानंतर गोलेम प्रागला आला. एकोणिसाव्या शतकात लोककथा जमवण्याची युरोपभर लाट होती आणि प्रागच्या ज्यूंकडे आपला म्हणावा असा एक महापुरुष होता, राब्बी लेव. पोलंडची गोष्ट त्यांच्या नावावर आली. 1847 मध्ये प्रागमध्ये छापलेल्या 'सिप्पुरिम' या संग्रहात लेओपोल्ड वाइसेलनं सांगितलेलं रूप सर्वांत गाजलं. राब्बी गोलेमच्या तोंडात देवाचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवत. दर शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ लागण्याआधी ती काढत, म्हणजे गोलेमलाही विश्रांती. एका शुक्रवारी विसरले. सिनेगॉगमध्ये शब्बाथचं 92 वं स्तोत्र चालू असताना गोलेम बेभान झाला, तोडफोड करू लागला. राब्बींनी प्रार्थना थांबवली, धावत जाऊन चिठ्ठी खेचली, गोलेम कोसळला. मग स्तोत्र पुन्हा पहिल्यापासून म्हणण्यात आलं, आणि तेव्हापासून तिथे ते दोनदा म्हणण्याची प्रथा पडली. हा गोलेमही नोकरच. वस्ती राखण्याची जबाबदारी अजून त्याच्यावर आलेली नाही.

ती आली 1909 मध्ये, प्रागपासून दूर, झारच्या अमलाखालच्या पोलंडमध्ये. युडल रोझेनबर्ग नावाच्या राब्बींनी 'निफ्लाओत महारल', म्हणजे महारलचे चमत्कार, असं पुस्तक हिब्रूत काढलं. राब्बी लेवच्या जावयानं स्वतः लिहिलेलं जुनं हस्तलिखित मेट्झ शहरातल्या ग्रंथालयात सापडलं, असा दावा त्यांनी केला. असं हस्तलिखित नव्हतं. नदीकाठची ती रात्र, तिघांचे फेरे, योसेफ हे नाव, दहा वर्षांची राखण, माळ्यावरचा शेवट: गाइड सांगतात ती जवळजवळ सगळी गोष्ट रोझेनबर्ग यांनी रचली.

त्यांना ती का रचावीशी वाटली, हे कळायला रक्ताच्या आळाचा इतिहास माहीत हवा. ज्यू लोक पासओव्हरच्या सणासाठी ख्रिस्ती मुलांचे खून करून त्यांचं रक्त वापरतात, असा हा आळ. 1144 मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्विचमध्ये एका मुलाच्या खुनावरून त्याची सुरुवात झाली. 1247 मध्ये पोप चौथे इनोसंट यांनी तो खोटा ठरवला, तरी तो मेला नाही. ज्या धर्मात रक्ताचा थेंबही खाणं निषिद्ध, मांस मीठ लावून, धुऊन, रक्त काढूनच शिजवायचं, त्या धर्माच्या माणसांवर हा आरोप होत राहिला आणि प्रत्येक वेळी माणसं मारली गेली. हे मध्ययुगात संपलं नाही. 1899 मध्ये बोहेमियातल्या पोल्ना गावाजवळ एका तरुणीचा खून झाला आणि लेओपोल्ड हिल्सनर या गरीब ज्यू तरुणाला पुराव्याविना फाशीची शिक्षा झाली. तोमाश मासारिक, जे पुढे चेकोस्लोव्हाकियाचे पहिले अध्यक्ष झाले, त्यांनी लोकांचा रोष पत्करून त्याची बाजू घेतली. फाशी टळली, पण तो 1918 पर्यंत तुरुंगात होता. 1903 मध्ये झारच्या साम्राज्यातल्या किशिनेव्ह शहरात अशाच अफवेनंतर झालेल्या दंगलीत 49 ज्यू मारले गेले. रोझेनबर्ग यांच्या वाचकांनी या बातम्या वर्तमानपत्रांत वाचल्या होत्या.

म्हणून त्यांचा गोलेम पासओव्हरच्या आधीच्या रात्री साध्या हमालाच्या वेषात गल्ल्यांमधून फिरतो. कुणी गाडी हाकत, कुणी खांद्यावर गाठोडं घेऊन वस्तीत शिरला की तो अडवतो आणि आत काय आहे ते पाहतो. कारण शत्रूची चाल ठरलेली आहे: मेलेलं मूल आणून एखाद्या ज्यूच्या घरात गुपचूप टाकायचं आणि सकाळी शिपाई घेऊन यायचं. गोलेम त्या माणसाला पकडतो, त्याच्याच ओझ्यासकट बांधतो आणि अधिकाऱ्यांपुढे नेऊन टाकतो. गरज पडली तर अदृश्य होण्याचा ताईतही त्याच्याकडे आहे. म्हणजे तो पहारेकरी तर आहेच, शिवाय गुप्तहेर. रोझेनबर्ग यांना हेरकथांचं प्रेम होतं. आर्थर कॉनन डॉयलच्या एका कथेवर बेतलेलं पुस्तकही त्यांनी 1913 मध्ये राब्बी लेव यांना नायक करून लिहिलं. त्यांचा गोलेम बेभान होत नाही, धन्यावर उलटत नाही. काम संपल्यावर तो निमूटपणे झोपवला जातो. ज्यांच्या बाजूनं ना पोलीस ना न्यायालय, अशा वाचकांना रोझेनबर्ग यांनी पुरावा जागेवर पकडून देणारा राखणदार दिला. पुस्तक बनावट म्हणून बाजूला टाकणं सोपं आहे. ते ज्या गरजेतून लिहिलं गेलं ती गरज अगदी खरी होती. रोझेनबर्ग त्याच 1913 साली कॅनडाला गेले. तिथले प्रसिद्ध कादंबरीकार मॉर्डेकाय रिश्लर हे त्यांच्या मुलीचे चिरंजीव.

1909 नंतरच्या बारा वर्षांत गोलेम जगभर गेला. 1915 मध्ये गुस्टाव्ह मायरिंकची जर्मन कादंबरी आली. ती आली तेव्हा प्रागची जुनी ज्यू वस्ती जवळजवळ सगळी पाडून झाली होती. आरोग्यसुधारणेच्या नावाखाली 1890 च्या दशकात ते काम सुरू झालं होतं. 1920 मध्ये पाउल वेगेनरचा मूकपट आला आणि त्यात स्वतः वेगेनरनंच गोलेमची भूमिका केली. त्यात बलाढ्य गोलेमला कुणीच आवरू शकत नाही, तेव्हा एक लहान मुलगी त्याच्या कडेवर बसून खेळता खेळता छातीवरचा तारा उपटते. लाइविक या यिद्दिश कवीनं 1921 मध्ये लिहिलेल्या नाटकात गोलेमच्या हातून शेवटी ज्यूंचंच रक्त सांडतं. लाइविक झारविरोधी चळवळीत पकडला जाऊन सैबेरियात हद्दपार झाला होता. चांगल्या हेतूनं उचललेल्या हिंसेचं काय होतं, याबद्दल त्याच्या मनात भ्रम नव्हता. त्याच वर्षी जानेवारीत, प्रागमध्येच, कारेल चापेकचं 'आर.यू.आर.' रंगभूमीवर आलं आणि जगाला 'रोबो' हा शब्द मिळाला. चापेकचे रोबो मातीचे नाहीत, कारखान्यात घडतात. तरी त्यांचं गोलेमशी असलेलं नातं चापेकनं नाकारलं नाही.

प्रागच्या पिंकास सिनेगॉगच्या आतल्या भिंतींवर आज बोहेमिया आणि मोराव्हियातल्या, नाझींनी मारलेल्या जवळजवळ 80 हजार ज्यूंची नावं हातानं लिहिलेली आहेत. जन्मतारीख, शेवटची ज्ञात तारीख, पुढचं नाव. जुन्या-नव्या सिनेगॉगपासून ते चालत काही मिनिटांवर आहे. गोलेमची गोष्ट ऐकायला येणाऱ्यांनी या भिंतींपाशीही थांबायला हवं.

1965 मध्ये इस्रायलमधल्या रेहोव्होत इथे, वाइझमन संस्थेत, नवा संगणक सुरू झाला. हाइम पेकेरिस हे तिथले गणितज्ञ. संगणकाचं नाव 'गोलेम आलेफ' ठेवावं, असं गेर्शोम शोलेम यांनी सुचवलं. नाव ठेवतो, पण ते का, हे तुम्ही येऊन सांगा, अशी अट पेकेरिस यांनी घातली. शोलेम गेले आणि त्यांनी प्रागचा गोलेम आणि रेहोव्होतचा गोलेम यांची शेजारी शेजारी मांडणी केली. दोघेही अक्षरांच्या, अंकांच्या जुळणीवर चालतात. जुना दिवसेंदिवस वाढायचा, नवा पिढीगणिक आकारानं लहान होतो. आणि सहज, उत्स्फूर्त वाणी दोघांनाही नाही. या गोलेमनं शांततेनं वाढावं, जगाचा नाश करू नये, अशी विनंती त्यांनी गोलेमला आणि त्याच्या निर्मात्यांनाही केली.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत अझ्रिएल रोझेनफेल्ड यांचा 'धर्म आणि रोबो' या विषयावरचा लेख 'ट्रॅडिशन' या ऑर्थोडॉक्स ज्यू नियतकालिकात आला. रोझेनफेल्ड राब्बी होते आणि संगणकाला चित्रं ओळखायला शिकवण्याच्या शास्त्राचे एक आद्य संशोधकही. माणसासारखं वागणारं यंत्र उद्या समोर आलं तर धर्मशास्त्र त्याच्याकडे कसं पाहील, याचा विचार करताना त्यांनी आधार घेतला तो रावांच्या मुक्या माणसाचा आणि त्यावर चर्चा करणाऱ्या जुन्या राब्बींचा. 2019 मध्ये अमेरिकेतल्या कन्झर्व्हेटिव्ह ज्यू पंथाच्या कायदा समितीनं स्वयंचलित यंत्रं आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांवर निर्णयपत्र मंजूर केलं, त्यातही गोलेमची चर्चा आहे. राब्बी झेरांनी प्रश्न विचारला तेव्हा समोरचा गप्प होता. आता ज्या यंत्रांविषयी हे पंडित लिहीत आहेत ती उत्तर देतात, आणि हाखाम त्स्वींचा युक्तिवाद त्यांना कुठवर लागू पडतो, यावर त्यांच्यात वाद चालू आहे.